माझ्या दुखण्याला नाव मिळालं तेव्हा

लग्न होऊन मी टेंभुर्णीहून बदनापूरला आले तेव्हा वडिलांनी सोबत शिलाई मशीन दिली होती. तिच्यावर मी आसपासच्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागले. नवरा कृषी संशोधन केंद्रात नोकरीला. घरात आम्ही दोघं, पुढे झालेली आमची लहान मुलगी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं माहेर मेंढपाळांचं. लहानपणापासून मेंढरांमागे चाललेल्या त्या बाईला दिवसा आडवं झालेलं माणूस खपत नसे.

एका उन्हाळ्यात माझा डावा डोळा अंधुक झाला. बुबुळ फिरवलं की आत दुखायचं, आणि लाल रंग मळका दिसायचा. एका नवरीच्या लालभडक ब्लाउजाला मी विटकरी दोरा लावला. आत्याबाईंनी तो उसवायला लावला. डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले, महिनाभरात दिसायला लागलं आणि मी ते विसरून गेले.

दोनतीन वर्षांनी पाय बिघडले. मशीन चालवताना उजवा पाय खालच्या पट्टीवरून घसरायचा आणि मला कळायचंही नाही. एकदा गिरणीतून दळण घेऊन येताना मागून एक बाई ओरडली, "अवं, चप्पल राह्यली ना तुमची!" बघते तर एक पाय अनवाणी. तापलेल्या डांबरावर चालत होते आणि तळव्याला पत्ता नव्हता.

कोणी म्हणालं नस दबली, कोणी म्हणालं अशक्तपणा. कमरेला वजनं लावून ताणलं, पट्टा बांधला, इंजेक्शनं घेतली. थोडे दिवस बरं वाटायचं, मग परत तेच. सकाळी मी कामाला वाघ असायचे आणि दुपारी ऊन चढलं की हातपाय गळायचे. बाहेरून तर काहीच दिसत नव्हतं.

"सकाळी धडधाकट असतीस अन् दुपारी लोळून राह्यलीस," आत्याबाई म्हणायच्या. "असं घड्याळ बघून येणारं दुखणं म्या कुठं पाह्यलं न्हाई, बाई."

खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं, की आपण मनानंच आळशी झालो असू. दुखण्यापेक्षा त्या शंकेनं मला जास्त खाल्लं.

मग दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला आत्याबाईंनी कढत पाणी काढलं, मला तेल लावलं, उटणं चोळलं आणि तांब्यामागून तांब्या ओतले. मी उठायला गेले तर कमरेखाली काहीच नव्हतं.

"ऊठ की, उजाडलं."

"आत्याबाई, पाय न्हाईत मला."

त्यांनी काखेत हात घालून उचललं. माझं सगळं वजन त्यांच्या अंगावर पडलं. तशी त्यांनी लेकाला हाक मारली, "ही सोंग न्हाई करून राह्यली. सोंग करणारं माणूस असं पडत न्हाई. जल्दी जीप बघ."

जीप येईपर्यंत अंग निवलं आणि मी भिंत धरून उभी राहिले. मला इतकी लाज वाटली! आता जालन्याचे डॉक्टर काय म्हणतील? पण आत्याबाईंनी मला जीपमध्ये बसवलंच.

जालन्याच्या दवाखान्यात मेंदू आणि नसांचे एक डॉक्टर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावरून चावी ओढली आणि विचारलं, "याआधी कधी डोळ्याचं काही झालं होतं का?"

मी आठवत राहिले तोवर आत्याबाईच बोलल्या, "झाल्तं की! लाल ब्लाउजाला इटकरी दोरा लावल्ता हिनं."

डॉक्टरांनी आम्हाला औरंगाबादला एमआरआय काढायला पाठवलं. फोटो आल्यावर त्यांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवर वायरीसारखं वेष्टण असतं, आपलंच शरीर ते कुरतडतं, असं समजावलं. "अंग तापलं की मेंदूचे निरोप नीट पोचत नाहीत, निवलं की पोचतात. म्हणून दुपारी असं होतं. आजार पुरता जात नाही, पण सांभाळता येतो."

"मंग ही आळशी न्हाई म्हणायची?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही, आजी. आजारच तसा आहे."

मला रडू फुटलं. मी घाबरले असं समजून डॉक्टर धीर देत राहिले. त्यांना कसं सांगणार, की गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं!

दवाखान्यात ठेवून सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. तोंड कडू झालं, झोप उडाली, चेहरा सुजला. आणि एका सकाळी पायाच्या बोटांना चादरीचा गारवा लागला. मी नवऱ्याला बोटं हलवून दाखवली. तो नुसताच हसला आणि खिडकीकडे वळला. पुढे आजाराचे असे झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या सुरू झाल्या, अधूनमधून रक्त तपासायचं ठरलं.

घरी भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं हळूच सुचवलं, "पोराचं दुसरं बघा आता." आत्याबाईंनी त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलला. "तुमच्या घरी कोणी आजारी पडलं की बदलून आणता का?" ते परत आले नाहीत. नवरा त्या आठवड्यात जालन्याहून मशीनला मोटर घेऊन आला. तिचं बटण मी डाव्या पायानं दाबायला शिकले.

कढत पाणी बंद झालं. स्वयंपाक ऊन चढायच्या आत, कापड कापणं सकाळी, दुपारी गळ्याभोवती ओला पंचा आणि झोप. माप द्यायला दुपारी कोणी आलं तर आत्याबाई दारातच अडवायच्या, "ती निजलीय. सांजच्याला या." मी पडल्या पडल्या ऐकायचे आणि हसू दाबायचे.

त्यानंतर एकदा झटका आला, उजव्या हातावर. या वेळी अंगावर काढलं नाही, लगेच गेलो. हात परत आला. दोन बोटं अजून बधिर आहेत, सुई हाताला लागत नाही, म्हणून ती नजरेनं धरते. चालताना काठी घेते.

परवा तपासणीला गेले होते. डॉक्टरांनी चालायला लावलं, डोळे मिटून उभं केलं आणि म्हणाले, "मागच्या वेळेसारखंच आहे. छान."

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी रसवंतीत बसायचा हट्ट धरला. आता त्यांचेही गुडघे धरतात. दोघी एकमेकींचा हात धरून बाकावर बसलो आणि दोन दोन ग्लास प्यायलो.