भट्टी सुकेपर्यंत

देशात कुठेही नवी रिफायनरी उभी राहिली की तिची पहिली भट्टी पेटवायला कसबी कारागीर उस्ता इस्कंदरला बोलावणं यायचं. आधी तेहरान, मग शिराझ, मग तब्रीझ. आपलं तेल आपणच गाळायचं, असं देशानं मनावर घेतलं होतं, आणि त्यात आपला हात आहे याचा इस्कंदरला भारी तोरा.

"आबादानच्या माणसानं नुसती फुंकर मारली तरी भट्टी पेटते!" तो सांगायचा. थापा मारण्यात आबादानवाल्यांचा हात कोण धरणार?

त्याची बायको महतलात मात्र गावोगाव पेट्या सोडून आणि बांधून विटली होती. आबादानला नदीकाठी तिची आई एकटीच राहायची. थकलेली, तरी घर सोडायला तयार नसलेली. "इस्फहानचं उरकलं की कायमचं आबादान," असं इस्कंदरनंच कबूल केलं होतं.

इस्फहानचं उरकलं. शनिवारी येतोय, असा आईला निरोप गेला. आणि गुरुवारी इंजिनियर फर्जाद दारात आला.

"उस्ता, एका भट्टीला आतून गिलाव्याचा नवा थर दिलाय. सुकवायचाय. पोरं करतील तशी, तुम्हीच शिकवलंय त्यांना. पण तुम्ही असलात तर…"

ओला थर हळूहळूच तापवावा लागतो. घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि थर फुटतो.

तो गेल्यावर महतलात म्हणाली, "पोरं करतील म्हणाला ना?"

"म्हणाला गं. पण भट्टीला माझ्या हाताची सवय आहे."

"नव्या थराला कसली आलीय सवय? बरं, मग मी एकटी पुढे जाते."

"आणि लोक काय म्हणतील? इस्कंदरची बायको स्वतः पेट्या ओढत आली? थोडे दिवस थांब, दोघं मिरवत जाऊ. आई काय पळून चाललीय?"

ती थांबली.

इस्कंदर भट्टीपाशी ठाण मांडून बसला. आच जराशी वाढवायची, थांबायचं, पुन्हा वाढवायची. थर अजून पुरता सुकला नव्हता तोच रेडिओवर बातमी आली. युद्ध सुरू झालं होतं. नदीपलीकडून शत्रूच्या तोफा आबादानवर धडाडत होत्या, रिफायनरीच्या टाक्या जळत होत्या, रस्ते बंद झाले होते.

पुढे आबादानहून जीव घेऊन आलेली आईची शेजारीण भेटली. "सगळी गल्ली ट्रकवर चढली," ती म्हणाली. "तुझ्या आईला हाताला धरून ओढलं मी. पण तिचं एकच, माझी पोर निघालीय, ती दाराला कुलूप बघून परत जाईल. मागाहून कळलं, घरावरच गोळा पडला."

महतलातनं शेजारणीला चहा दिला. इस्कंदरला तिनं त्या दिवशी बोल लावला नाही, नंतरही कधी नाही. तिनं एकदा तरी भांडावं म्हणून तो वर्षानुवर्षं वाट बघत राहिला.

भट्टीचा थर उत्तम सुकला होता. एक तडा नाही.

युद्ध संपलं. आबादानची रिफायनरी पुन्हा उभी राहू लागली आणि फर्जादचा फोन आला. "उस्ता, या वेळी तुमच्याच गावची भट्टी!"

इस्कंदरनं नाही म्हणून सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात येऊन तो म्हणाला, "नाही म्हटलं त्यांना. या वेळी मी भट्टीसाठी थांबणार नाही. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तिथे जाऊ."

महतलात चिंच कोळत होती. तिनं मान वर केली नाही.

"आता मला कुठे जायचंय, इस्कंदर?"