सादातची कातरणी

सादातनं मला कामावर घेतलं तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो. बत्तीस वर्षं आत-बाशी ते नारिन बस चालवून निवृत्त झालो होतो आणि घरात बसून बायकोच्या डोक्याला ताप देत होतो. एक दिवस सादात दारात आली. आमच्यात वयानं मोठ्या पुरुषाला आके म्हणतात, बाईला एजे.

"जुमाश आके, माझ्या व्हॅनवर याल का? गाडी चालवायची, जनरेटर लावायचा, पात्यांना धार करायची."

"आणि उरलेल्या वेळात?" मी चेष्टेनं विचारलं.

"उरलेला वेळ नसेल," ती म्हणाली. तेवढं मात्र तिनं अगदी खरं सांगितलं होतं.

सादात तेव्हा चौतीसची. बिश्केकमध्ये सात वर्षं एका फोन कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम करत होती. दुसरी मुलगी झाल्यावर सासरी, आमच्या गावात परत आली. तिचा नवरा, तलांत, खिंडीपलीकडे मालट्रक नेतो, महिन्यातले वीस दिवस तो नसतोच. इथं आल्यावर तिच्या लक्षात आलं की मेंढ्या पहिल्याइतक्याच आहेत, पण कातरणारे हात नाहीत. तरुण पोरं रशियात गेलेली, म्हाताऱ्यांच्यानं कात्री धरवत नाही. वरच्या कुरणात जायच्या आधी लोकर उतरली नाही तर जनावराचे हाल होतात. हे सगळं तिनं नव्या धंद्यांच्या एका स्पर्धेत नीट मांडलं, बक्षीस मिळवलं आणि त्यातून विजेची तीन कातरयंत्रं, एक जनरेटर आणि माझ्यापेक्षा थोडी तरुण अशी एक व्हॅन घेतली. धंद्याला नाव दिलं 'किरकिन', म्हणजे कातरणी. फोनवर नाव नोंदवा, आम्ही तुमच्या वाड्यावर येऊ.

पहिल्या वर्षी नाव नोंदवणारी घरं होती अकरा. दुसऱ्या वर्षी एकतीस. मी सांगतोय ती गोष्ट त्या दुसऱ्या वर्षाची.

कातरणारे तिघे होते. सादात स्वतः, पन्नाशीचा ओरमोन आणि तरुण तिलेक. तिलेकचा हात असा की मेंढीला कळायच्या आत ती उघडी व्हायची. मेच्या बाराव्या तारखेला आम्ही सुरुवात केली आणि नवव्या दिवशी तिलेक सकाळी पिशवी घेऊनच आला.

"सादात एजे, रागावू नकोस. रशियातून, क्रास्नोयार्स्कहून मामानं बोलावलंय. बांधकामावर जागा आहे, आजच निघायला हवं."

"हंगाम संपेपर्यंत थांब ना रे."

"तोवर जागा थांबायची नाही."

ती रागावली नाही. त्याला वाटेत खायला भाकरी बांधून दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चला आके, दोघं तर दोघं."

दोन माणसांत तिघांचं काम करायचं म्हणजे काय, ते मी पुढचे पाच दिवस पाहिलं. सादातच्या दोन गुडघ्यांत मेंढी, हातात यंत्र, आणि कान-खांद्याच्या मध्ये दाबलेला फोन. "हो हो, येतो ना. गुरुवारी? बरं, गुरुवारी." मी म्हणायचो, "अगं, गुरुवारी दोन घरं आधीच आहेत." ती म्हणायची, "बघू." तक्रारी ऐकायची सात वर्षांची सवय. नाही हा शब्द तिच्या तोंडात तयारच व्हायचा नाही.

त्यात आमच्या लोकांचा पाहुणचार. सकाळी दीड-दोन तास गाडी हाकत वाड्यावर पोचावं, तर घरची बाई दारात उभी. आधी चहा घ्या, भाकरी मोडा. साय, जाम, बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे. जनरेटर लावून वीस मेंढ्या होतात न होतात तोच आतून हाक, मांस परतलंय, या. नको म्हणावं तर अपमान. एका घरी तर आमच्यासाठी कोकरू कापलं, आणि ते शिजेस्तोवर यजमानानं आम्हाला हलू दिलं नाही. ओरमोन पोटावर हात फिरवत म्हणाला, "कामानं नाही, मी जेवणानं मरणार." दिवसभर राबूनही आकडा शंभरावर जात नव्हता. ओरमोनचं मनगट सुजलं. सादात घरी पोचायची तेव्हा मुलींची जेवणं झालेली असायची, आणि तिची सासू, बातमा आपा, मला अंगणातच गाठायची.

"काय रे जुमाश, माझी सून सकाळी नेतोस आणि संध्याकाळी हे काय आणून देतोस?"

दहावं घर सातार अक्साकालचं, म्हणजे जुन्या जाणत्या माणसाचं. आमच्या खोऱ्यात त्यांच्या पांढऱ्या दाढीला सगळे मान देतात. तीनशे मेंढ्या, आणि त्यांचा हिवाळी वाडा रस्त्याच्या अशा वळणावर की वरच्या कुरणात जाणारा प्रत्येक कळप तिथूनच पुढे सरकतो. दुपारच्या सुमाराला सादातचा फोन वाजला, तिनं मान तिरकी केली, आणि तेवढ्यात मेंढी ओरडली. सड कापला गेला होता. पिल्लू पाजणारी मेंढी होती ती.

सादातनं यंत्र बंद केलं. फोन तसाच वाजत राहिला. तिनं तो उचलला नाही, तिथंच लोकरीच्या ढिगावर बसली आणि हातांकडे बघत राहिली. "अक्साकाल, माझी चूक," एवढंच म्हणाली.

म्हाताऱ्यानं मेंढी स्वतःच्या मांडीवर घेतली, जखम धुतली, मलम लावलं. मग विचारलं, "अजून किती घरं राहिलीत, पोरी?"

"तुमच्यानंतर एकवीस."

"माणसं?"

"मी आणि ओरमोन आके."

"आणि यातल्या कुणाला सांगितलंस, की जमणार नाही म्हणून?"

"कुणालाच नाही."

म्हातारा हसायला लागला. टिंगलीनं नाही, खरोखर गंमत वाटल्यासारखा. "म्हणजे एकवीस घरांतली माणसं तुझी वाट बघत बसणार, आणि तू येणार नाहीस हे फक्त तुला ठाऊक. त्यांना सांग की! शिव्या देतील, पण काहीतरी मार्ग तरी काढतील."

"लोक म्हणतील, धंदा झेपला नाही."

"झेपला नाहीच आहे," म्हातारा म्हणाला. "ही मेंढी पण तेच सांगतेय."

हे ऐकून मला वाटलं, आता ही रडणार. पण तीही हसली. मग वळणावरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "अक्साकाल, हे सगळे कळप महिन्याभरात तुमच्या दारावरूनच जाणार ना?"

"माझ्या बापाच्या वेळेपासून जातात."

"मग मी त्यांच्याकडे कशाला जातेय?"

त्यानंतरचा तासभर ती वाड्याच्या भिंतीला टेकून फोन करत होती. मी धार लावायचं निमित्त करून ऐकत होतो. पहिल्या फोनला आवाज कापत होता, चौथ्याला बरा झाला. "दारात येणं जमणार नाही, माणसं नाहीत. सातार अक्साकालच्या वाड्यावर कळप आणा. आदल्या संध्याकाळपासून मेंढ्या उपाशी ठेवा. धरायला आणि लोकर भरायला तुमची माणसं. जेवण आपापलं." एकवीसपैकी सतरा हो म्हणाले. तिघांनी फोन आपटला. चौथी बाई होती, तिनं तर सादातच्या शहरातल्या शिक्षणापासून चपलांपर्यंत सगळं काढलं. सादात म्हणाली, "खरं आहे, एजे," आणि यादीतलं नाव खोडलं.

वाड्यावरच्या पहिल्या दिवशी मात्र गोंधळ झाला. तीन कळप एकदमच आले. प्रत्येकाच्या मेंढ्यांच्या पाठीवर रंगाची खूण होती, कुणाची लाल, कुणाची निळी. आम्ही झपाझप कातरत गेलो, आणि दुपारी बाहेर बघतो तर शंभरेक पांढऱ्या उघड्या मेंढ्या, खूण एकीवरही नाही. खूण लोकरीवर होती, लोकर पोत्यात गेली होती! मालक एकमेकांच्या मेंढ्यांचे कान तपासत भांडू लागले. कानाच्या खाचांवरून निवडानिवड करता करता दोन तास गेले.

संध्याकाळी हे ऐकून बातमा आपा म्हणाली, "दोन शिकलेली माणसं आणि एक ड्रायव्हर, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही?"

दुसऱ्या दिवशी ती व्हॅनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली, मांडीवर रंगाचे डबे. दोन्ही नाती मागच्या सीटवर, शाळेला सुट्टी लागलेलीच होती. वाड्याच्या दाराशी स्टूल टाकून ती बसली आणि सांगितलं, एका वेळी एकच कळप आत. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवर तिनं काठीला बांधलेल्या चिंधीनं ठिपका उमटवला. एक मेंढपाळ मध्ये घुसायला बघत होता, तर त्याच्या टोपीवरच निळा ठिपका पडला. "आता तूही मोजला गेलास, जा बाहेर," ती म्हणाली.

सादातचा फोनही तिनंच काढून घेतला. वाजला की म्हणायची, "यंदाचं भरलं. पुढच्या वर्षी बोला. नाही, ती रिकामी नाही. मी सासू बोलतेय." सासू म्हटल्यावर पुढे कुणी हुज्जत घालत नसे.

दिवसाला दीडशेच्या पुढे जायला लागलो. गाडी हाकणं नाही, तीन-तीनदा जेवणं नाही. दुपारी सगळेजण सावलीत बसून आपापलं सोडायचे, आणि बाहेर काढलं की ते सगळ्यांचंच व्हायचं. आठवड्यातला एक दिवस सादातनं बंद ठेवला. ओरमोनच्या मनगटासाठी, असं ती सांगायची. त्या दिवशी दुपारपर्यंत झोपायची स्वतः.

जूनच्या अठराव्या तारखेला शेवटचा कळप वळणावरून वर गेला. चार घरं आम्ही गमावली, आणि ती फोनवरची बाई आजही रस्त्यात सादातला ओळख देत नाही. तिलेकचा निरोप आला, तिकडे बरं चाललंय म्हणून. ज्या मेंढीचा सड कापला होता तिचं पिल्लू दुसऱ्या सडावर वाढलं, जरा बारीक राहिलं इतकंच. सादात मुलींना घेऊन आठवडाभर वरच्या कुरणात राहून आली. येताना तिच्या नाकाची साल निघालेली, आणि गाल भरलेले.

शरद ऋतूत मी तिला शेजारच्या गावी नेलं. जानिल नावाची एक बाई आणि तिची जाऊ, दोघींना हिवाळ्यात यंत्र शिकायचं होतं. जानिल अंगानं दणकट, दोन वर्षं हातकात्रीनं घरच्या मेंढ्या एकटीनं कातरलेल्या. चहा ओतता ओतता तिनं विचारलं, "दिवसाला किती मेंढ्या कराव्या लागतील, एजे?"

"ऐंशी. एकही जास्त नाही."

"यंत्रानं मला शंभर जमतील."

"मग ऐंशी कर, आणि उरलेल्या वेळात बसून चहा पी."

जानिलनं माझ्याकडे बघितलं. ही बाई थट्टा करतेय की काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी चहाची वाटी पुढे केली आणि म्हटलं, "ओत गं, ती खरंच बोलतेय."