ताटात उरलेली अर्धी भाकर

पंजाबरावांची आई ते लहान असतानाच गेली. नांदगाव खंडेश्वरला काकांच्या घरी ते वाढले. तिथं सगळ्यांची जेवणं झाली की उरेल ते त्यांच्या वाट्याला यायचं. पुढे त्यांचा स्वतःचा संसार झाला, घरात ज्वारीची पोती लागली, तरी कुणाच्या ताटात शितं राहिली की त्यांचं डोकं फिरायचं.

मुलगी आकांक्षा दुसरीत असताना एकदा तिनं वांग्याची भाजी टाकली. "संपल्याशिवाय उठायचं नाही," म्हणून त्यांनी तिला ताटावर बसवून ठेवलं. त्या दिवशी शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता. तो तिच्यावाचूनच झाला. शेवटी रडत रडत तिनं भाजी गिळली. पोरीला वळण लागलं, असं पंजाबरावांना तेव्हा वाटलं.

आकांक्षा आता अमरावतीत राजापेठेत शिकवणी घेते. यंदा तिला मधुमेह निघाला. कळल्यावर पंजाबराव भेटायला आले. दुपारी नात अवनी अर्धा भात टाकून उठली. आकांक्षाचं जेवण कधीच झालं होतं, तरी उभ्या उभ्या तिनं तो भात खाऊन लेकीचं ताट पुसून काढलं.

"डॉक्टरनं काय सांगतलं तुले?" पंजाबराव म्हणाले.

"भूक नाही जी बाबा. पण ताटात काही राह्यलं ना, की छातीत धडधडते. कोनी तरी रागावून राह्यलं असं वाटते."

"आता कोन रागावते तुले?"

ती ताट घासायला घेऊन गेली.

पंजाबराव दुपारभर कॉटवर नुसते पडून राहिले. रात्री जेवताना त्यांनी मुद्दाम अर्धी भाकर ताटात ठेवली. उठताना चोरी केल्यासारखं वाटलं.

"बाबा, बरं नाही काय?"

"पोट भरलं." मग खाली बघत ते म्हणाले, "पोरी, तुह्या नाचाच्या दिवशी चुकलंच माह्यं."

"तुमाले आठवते ते?" तिचे डोळे भरून आले. "जाऊ द्या ना," म्हणत तिनं त्यांचं ताट उचललं आणि बोलता बोलता भाकरीचा घास मोडून तोंडात घातला. चावताना तिच्या लक्षात आलं. ती थांबली, पण घास थुंकवेना.

पंजाबरावांनी उरलेली भाकर तिच्या हातून काढून घेतली. ती कुठं टाकावी, हे मात्र त्यांनाही सुचेना.