बंद घरातली झाडलोट

नवऱ्याचं तेरावं झालं त्याच दिवशी मी खोली सोडली. सातिवलीला एका गोदामावर तो राखणदार होता. गोदामामागची पत्र्याची खोली राखणदारासाठी होती, आमची नव्हती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यामुळे मालकाला मी दोष देत नाही. तेराव्यापर्यंत तो थांबला. नवा राखणदार बायकोला घेऊन बाहेर ट्रंकेवर बसून होता आणि मी आत भांडी बांधत होते. त्याच्या बायकोने दारातून विचारलं, "मावशी, पावसाचं पाणी कुठून गळतं?" मी तिला तीन जागा दाखवल्या.

मला मूल नव्हतं. मनवेलपाड्याला भाऊ होता. चाळीतली एक खोली आणि तिच्यात सहा माणसं. तिथे आठ दिवस राहिले. नवव्या दिवशी भावजय भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्सं, तुमचं पुढे काय ठरलं?" नीट शब्दांत विचारलं तिने. मी म्हणाले, "ठरलंय." भांडी तिच्याकडे ठेवली, पिशवी उचलली आणि निघाले. ठरलं काहीच नव्हतं.

घर नसलेल्या बाईला झोपायची अडचण नंतर येते. आधी अडचण बसायची. कुठेही थोडा वेळ जास्त बसलं की लोक बघायला लागतात, मग विचारायला लागतात. मी पिशवीत वर मेथीची नाहीतर माठाची जुडी ठेवायला लागले. पिशवीत भाजी असली म्हणजे बाई घरी निघाली आहे असं वाटतं. एस.टी. स्टँडवर बसायचं, देवळात बसायचं, तिथून बाजारात. जुडी सुकली की नवी घ्यायची. केस रोज विंचरायचे. केस विस्कटले की लोक आवाज बदलून बोलतात, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

होळीला एका वाडीत रोजाने काम मिळालं. केळी, अळू, पानवेली. मालकीण माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "राहतेस कुठे?"

"मनवेलपाड्याला, भावाकडे."

"तिथून रोज येणार? जमेल?"

"जमेल, काकी."

आंघोळ वाडीच्या विहिरीवर व्हायची. रात्रीला स्टँड होताच. मग पाऊस लागला आणि स्टँडच्या बाकाखाली पाणी यायला लागलं.

वाडीच्या कुंपणापलीकडे एक कौलारू घर होतं. त्यात एक म्हातारी एकटी राहायची, ती पावसाच्या तोंडावर गेली. मुलगा आणि सून मुंबईला. पुढच्या दाराला कुलूप लावून ते निघून गेले होते. एका दुपारी सर इतकी जोराची आली की मी कुंपणातून त्या घराच्या मागच्या बाजूला, वळचणीखाली गेले. दाराला पाठ टेकली तर दार आत गेलं. आतला अडसर कुजून मोडला होता. मी आत शिरले आणि दार लोटून घेतलं. चोरी करायला शिरले नव्हते. परत बाहेर मात्र पडले नाही.

स्वयंपाकघरात चुलीत राख होती. वलणीवर म्हातारीचं लुगडं वाळत घातलेलं होतं. हात लावला तर ओलसर लागलं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. मी ते घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावला, तरी ओलसरच.

मी काही नियम धरले. दिवा लावायचा नाही. मालकिणीची चूल पेटली की मगच आपली पेटवायची, म्हणजे धूर धुरात जाईल. फटफटायच्या आत बाहेर पडायचं, सगळ्या बायका वाडीत आल्या की कुंपणाच्या दुसऱ्या टोकाने यायचं. पुढच्या खोल्यांत जायचं नाही. बोलायचं नाही. या शेवटच्या नियमाने माझं नुकसान झालं. घरात माणूस एकटा असला तरी भांड्याशी, मांजराशी काहीतरी बोलतो. मी ते बंद केलं आणि पुढे वाडीतही बोलायचा कंटाळा यायला लागला. मान हलवून भागायचं.

जमीन शेणाने सारवलेली होती. वर्षानुवर्षं एकच बाई चालली की जमिनीत वाट पडते. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून पाण्याच्या हंड्यापर्यंत. महिनाभरात माझे पाय आपोआप त्या वाटेने पडायला लागले. तिचं पाऊल आखूड होतं. मी उंच बाई, पण त्या घरात आखूड पावलं टाकायची.

चूक झाली ती झाडण्याची. मला घाण बघवत नाही. पहाटे निघायच्या आधी मी मागचं अंगण झाडायची. फणसाची पानं, शेवग्याचा कचरा, सगळं एका कोपऱ्यात. हाताला इतकी सवय की डोक्यात आलंच नाही की कुलूप लावलेल्या घराचं अंगण कोण झाडतं असं कोणी विचारील.

माझ्याबरोबर खाडीकडच्या गावातली एक बाई कामाला होती. अळू काढता काढता ती मला म्हणाली, "ऐकलंस का गो? ती म्हातारी अजून गेली नाय."

"कोण म्हातारी?"

"या कुंपनापलीकडची. रोज आंगन झाडते. मालकिणीनं बघितलं."

"म्हातारीला बघितलं?"

"आंगन बघितलं. म्हातारीला कशाला बघायला पायजे? जित्तेपनी पन ती अंधारातच झाडायची, कचरा कोपऱ्यात, असाच. हंडा पन मागच्या दारात घासून पालथा घातलेला असतो, पानी निथळत." मग ती हसली. "माझी सासू मेल्यावर आली तर स्वता झाडनार नाय. माझ्याच हातात झाडू देईल."

"आजही झाडलंय का?" मी विचारलं.

"मंग? आताच बघून आले. एक पान नाय."

मी खाली बघून अळू काढत राहिले. त्या दिवशी पहाटे माझी कंबर धरली होती आणि मी झाडू उचललाच नव्हता. निदान माझ्या आठवणीप्रमाणे. झाडलं असेल सवयीने, झोपेत असल्यासारखं. मी तसंच धरलं. दुसरं काही धरलं असतं तर रात्री स्टँडवर जावं लागलं असतं.

भुताचं नाव झालं याचा मला फायदा होता. कोणी कुंपणाजवळ फिरकेना. पण बातमी मुंबईला पोहोचली. मुलाला घर एका बिल्डरला विकायचं होतं. बिल्डरची माणसं येऊन बघून गेली होती, त्यांनाही कोणीतरी अंगणाचं सांगितलं. म्हातारीच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता, तासभर थांबून शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला होता, हे मालकिणीला ठाऊक होतं. तिने मुलाला निरोप पाठवला. सर्वपित्रीला या, मागच्या अंगणात पान ठेवा, तिच्या मनात काय आहे ते विचारा. खरा कावळा शिवल्याशिवाय कुलूप काढू नका.

सर्वपित्री अमावास्येला वाडीचं काम बंद होतं. भरदुपारी मी आतच होते. बाहेर बोलणं ऐकू आलं आणि मी मागच्या खिडकीच्या फळीआड उभी राहिले. फळी दोन बोटं उघडी होती. समोर चार-पाच हातांवर केळीचं पान मांडलेलं. भात, वडे, खीर, अळूचं फदफदं. मुलगा टक्कल पडलेला, सून पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याची, आणि मालकीण. तिघं हात जोडून माझ्याकडे तोंड करून उभी होती. त्यांना मी दिसत नव्हते. शेवग्यावर कावळे होते. एक खाली उतरला, पानाकडे निघाला.

तो शिवला असता तर त्यांनी कुलूप काढलं असतं, मी सापडले असते आणि घर विकलं गेलं असतं. मी पदराचं टोक फटीतून हलवलं. कावळा उडाला.

"बोल काहीतरी," मालकीण मुलाला म्हणाली. "नुसता उभा काय राहतोस."

"आई, वर्षश्राद्ध नीट करू," मुलगा म्हणाला.

"मोठ्याने बोल. तिला कमी ऐकू यायचं."

त्याने मोठ्याने सांगितलं. कावळा आला. मी पदर हलवला.

सून म्हणाली, "तुमच्या पाटल्या वन्संना देते." कावळा पुन्हा आला, मी पुन्हा हलवला. सून रडायला लागली. मला तिची दया आली नाही. मला घर पाहिजे होतं.

"घराचं बोल," मालकीण मुलाला म्हणाली. "तिचा जीव घरात होता."

तो बायकोकडे बघायला लागला. बिल्डरला शब्द दिलेला असणार. मग म्हणाला, "आई, घर विकत नाही. कोणाला तरी ठेवतो. रोज दिवा लागेल."

मला हवं होतं ते मिळालं. मी पदर आत घेतला आणि खिडकीपासून तीन पावलं मागे, भिंतीच्या अंधारात सरकले. आता कावळ्याने यायला पाहिजे होतं. आला नाही. अंगणाच्या कडेला बसून तो खिडकीकडे बघत राहिला. मी जिथून सरकले होते त्या जागेकडे. दोन-तीन वेळा मान तिरकी केली त्याने. मी श्वास धरून होते. घर इतकं गप्प होतं की बाहेर सुनेच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या. खिडकीपाशी कोणी नव्हतं हे मी शपथेवर सांगते. पण मी त्या जागी परत गेले नाही.

"अजून काहीतरी राहिलंय," मालकीण म्हणाली. "तुम्हालाच ठाऊक असेल."

सून खाली बसली. पानाशी बोलावं तसं हळू म्हणाली, "गेल्या गणपतीला आलो तेव्हा तुमची खाट मी गोठ्यात टाकली होती. पाहुणे यायचे होते, आणि मग तशीच राहिली. तुम्ही एकदाही बोलला नाहीत. ती माजघरात आणते. आजच आणते."

कावळा उडी मारून आला आणि त्याने भातात चोच घातली.

तिघं गोठ्याकडे गेली. मी पिशवी घेतली. मुलगा आणि सून खाट उचलून पुढच्या दाराकडे वळली, कुलूप वाजलं, तेव्हा मी मागच्या दाराने बाहेर पडले. कावळा पानावरच होता. मी हातभर अंतरावरून गेले तरी उडाला नाही.

कुंपणातून वाडीत आले आणि विहिरीवर पाय धूत बसले. तासाभराने मालकीण शोधत आली. "बरी सापडलीस. सुट्टीच्या दिवशी इथे काय करतेस?"

मला उत्तर द्यायचं होतं पण आवाज फुटेना. दोनदा खाकरावं लागलं. "पाणी प्यायला आले, काकी."

"मनवेलपाड्याहून पाणी प्यायला." तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या पिशवीकडे, पदराकडे. "ते पलीकडचं घर आहे ना, त्याला एक बाई पाहिजे. राहायला. दिवाबत्ती, झाडलोट. घाबरशील का?"

"नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. तिला किती ठाऊक होतं ते मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्या संध्याकाळी सुनेने मला किल्ली दिली आणि पुढच्या दाराने आत नेलं. एकेक खोली दाखवली. चूल दाखवली, हंडा दाखवला, वलणी दाखवली. मी नव्याने बघितल्यासारखं बघितलं. माजघरात खाट होती, वर धुतलेली गोधडी. "तुम्ही झोपा हिच्यावर, वापरात राहील," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

त्या घरात मी नऊ वर्षं राहिले. पुढे मुलाने शब्द मोडला आणि तिथे इमारत झाली, तोवर मला दुसरीकडे खोली मिळाली होती. नऊ वर्षं मी जमिनीवर झोपले. गोधडी दर आठवड्याला उन्हात टाकायची आणि परत अंथरायची, एवढंच. सकाळी ती गोधडी मधोमध दबलेली असायची. सुंभाची जुनी खाट, मधून सैल झालेली, तिच्यावर गोधडी तशीच बसणार. सून दर अमावास्येला यायची आणि जाताना विचारायची, "तुम्हाला काही जाणवतं का हो?"

मी म्हणायची, "नाही, बाई." हो म्हटलं असतं तर तिने मला तिथून काढलं असतं, किंवा स्वतः राहायला आली असती. दोन्हींत माझंच घर गेलं असतं.