दिवाघर शेवटी

सोलापूरहून निघताना सामानात मोजपट्ट्या, लाल रंगाचा डबा, दोन हेल्मेटं आणि बायकोने बांधून दिलेली कडक भाकरी नि शेंगाचटणी एवढंच होतं. लोक डोंगर, समुद्र बघायला जातात. मी पाडायला काय काय आहे ते बघायला जातो. जुनं बांधकाम कोणत्या क्रमाने उतरवायचं, क्रेन कुठून आणायची, भिंत कुठे पडेल, याचा आराखडा करून देणं हा माझा धंदा. आपल्या गावातल्या दोन बंद गिरण्या मी आधी कागदावर पाडल्या, मग मशीनने. कोळशाची खाण मात्र जन्मात पाहिली नव्हती.

सोबत सिद्राम, सोलापूरजवळच्या मंद्रूपचा क्रेनवाला. सिकंदराबादला गाडी बदलेपर्यंत भाकरी संपली आणि बल्लारशाला उतरेपर्यंत चटणीसुद्धा. फलाटावर उन्हाची अशी झळ लागली की सिद्राम म्हणाला, "आण्णा, आपलं सोलापूर थंड हाय म्हणायची पाळी आली की."

पुढे जीपने तासभर. सागाची झाडं मागे पडली आणि एकदम तो दिसला: लोखंडी मनोरा, वर दोन भली मोठी चाकं. याच चाकांवरून माणसांचा पाळणा खाणीत उतरायचा. आता खाणीचं तोंड बुजवलंय आणि चाकांच्या आऱ्यांत पारवे बसतात. मला तो मनोरा बघताक्षणी आवडला. आवडलेल्या वस्तू पाडायच्या, असलं माझं नशीब.

फाटकाजवळ एक बैठी खोली होती. दारात सत्तरीचे मडावीकाका बसले होते. खाण चालू असताना ते या दिवाघराचे राखणदार होते. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला दिवा आणि नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा. वर आला की बिल्ला परत घेऊन खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली. खाण बंद झाली, पगार थांबला, तरी काका रोज येऊन बसत. पहारेकरी त्यांना चहा देई, बस.

त्यांनी आम्हा दोघांना बिल्ले दिले. मला एकशेबारा. आराखड्यात पहिलं काय पाडणार, असं त्यांनी विचारलं.

"हेच," मी म्हणालो. "दिवाघर क्रेनच्या वाटेत येतंय."

काकांचा चेहरा उतरला. "हे पयलं नोका पाडू, जी. माणूस आत असला का दिवाघराले कुलूप नाई लागत. म्या एक दिवस नाई लावलं."

"काका, आता आत कोण जातंय?"

"तुमी जाऊन राह्यले ना."

मी हसलो. बिल्ला खिशात टाकला आणि कामाला लागलो. तुमचा बिल्ला कुठला, असंही जाता जाता विचारलं. "मले कायले बिल्ला? म्या मोजणारा," ते म्हणाले.

सकाळभर मोजमाप केलं. खाणीत हवा सोडणारं पंखाघर, मनोरा, कोळशाची कोठी. कोठीखालच्या बोगद्याचं छत पाहून मात्र मी तोंडाशीच थांबलो. सळया उघड्या, काँक्रीटचे पापुद्रे लोंबतायत. वहीत लिहिलं, 'कधीही कोसळेल, कुणीही आत जाऊ नये,' आणि तोंडाशी लाल फुली मारली.

मग भूक लागली. मागच्या कुंपणाला भगदाड होतं. पलीकडे गावातल्या टपरीवर तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे मिळतात, असं जीपवाल्याने सांगितलंच होतं. गेलो. दोन दोन बशा खाल्ल्या. टपरीवाला तेलुगू निघाला आणि आमच्या घरी तेलुगू बोलतात म्हटल्यावर तो सोडायलाच तयार नाही. फोन जीपमध्ये राहिले होते. चांगले दोन तास गेले.

परतलो तर पहारेकरी धावत आला. "कुठी गेल्ते तुमी? दोन खिळे रिकामे हायेत म्हणून काका तुमाले शोधाले गेले. त्या बोगद्यात."

मी आणि सिद्राम धावलो. लाल फुलीपाशी उभा राहून मी घसा फाडून ओरडलो, "काका, आम्ही बाहेर आहोत. तुम्ही बाहेर या." आतून खोकल्याचा आवाज आला. मग भिंत धरत, गुडघा ओढत काका आले. डोक्यापासून पायापर्यंत कोळसा. मी त्यांचा हात घट्ट धरला, तो मला सोडवेना.

"फुली दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली ना. फुली मारली तिथंच अडकले असान, असं वाटलं." मग हात पुढे केला. "बिल्ला?"

मी एकशेबारा नंबर त्यांच्या तळहातावर ठेवला. शरमेने मान वर होईना. काकांनी दोन्ही बिल्ले खिळ्यांना अडकवले, तेव्हा कुठे ते पाणी प्यायले. संध्याकाळी त्यांनीच घरी नेऊन पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा रस्सा) खाऊ घातली; एक शब्द रागाचा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत मी आराखडा पुन्हा मांडायला घेतला. क्रेन मागून आणायची तर रस्त्याची चार दिवसांची कामं वाढत होती. सिद्राम कुरकुरेल असं वाटलं होतं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भगदाड हायच की तितं. मोठं करू. दिवाघर ऱ्हाऊ द्या शेवटपर्यंत."

घरी पोचलो, अंघोळ केली आणि पाडकामाचा तक्ता पुरा करायला बसलो. पहिलंच कलम लिहिलं: रोज सकाळी प्रत्येकाने दिवाघरातून बिल्ला घेणे. आमच्या तक्त्यात प्रत्येक बांधकामापुढे एक रकाना असतो, 'आत कुणी नाही याची खात्री करणारा'. इतकी वर्षं मी तो सवयीने भरत आलो. या वेळी मनोरा, पंखाघर, कोठी, सगळ्यांपुढे मडावीकाकांचं नाव लिहिलं.

शेवटची ओळ दिवाघराची. तिथे पेन थांबलं. त्या दिवशी सगळे बिल्ले खिळ्यावर असतील आणि आत एकच माणूस असेल, ज्याला बिल्ला नाही.

त्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.