अर्धवट राहिलेली दाढ

पोशेऱ्याच्या शाळेत मास्तर असताना मी एक गोष्ट लोकांना बऱ्याचदा सांगितली. जव्हारच्या दातांच्या डॉक्टरने माझ्या बायकोची नस जाळली आणि तिचा गाल कायमचा बिघडवला, अशी. ती गोष्ट खोटी होती. तेव्हा काय घडलं ते आता लिहितो.

नव्वदच्या दशकातला एक पावसाळा होता, शेतात भाताची रोपं वाढत होती. बायकोची खालची दाढ ठणकायला लागली. भाकरी चावता येईना, गार पाणी लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आमच्याकडे दाढ दुखली की रिंगणी या काटेरी झुडपाच्या बियांची धुरी घेत. धुराने दाढेतले किडे गळून पडतात, असं लोक मानत. तिनेही धुरी घेतली. दोन दिवस बरं वाटलं, मग जबडाच सुजला. तेव्हा मी तिला जीपने मोखाड्याला आणि तिथून एसटीने जव्हारला नेलं.

डॉक्टर तरुण होता, नुकताच दवाखाना थाटलेला. त्याने फोटो काढून दाखवला आणि म्हणाला, "गुरुजी, दाढ काढायची गरज नाही. आतली नस सडली आहे, ती काढून मुळं साफ करू. याला रूट कॅनाल म्हणतात."

बायकोने पदराआडून मला विचारलं, "अहो, लई दुखंल का?"

"मावशी, सुई टोचेल तेवढंच," डॉक्टरच म्हणाला. "मग ओठ जड होईल, आपला नाही असा वाटेल."

तसंच झालं. दाढेला वरून भोक पाडलं. केसासारख्या बारीक सुया मुळांत फिरवून सडलेलं बाहेर काढलं. आत औषध ठेवून वरून पांढरं सिमेंट बसवलं. खोलीभर लवंगेचा वास सुटला होता. ती हात घट्ट मिटून बसली होती, पण एकदाही कण्हली नाही.

निघताना डॉक्टरने मला बाजूला घेऊन बजावलं, "आज दुखणं थांबेल, पण काम संपलेलं नाही. हे सिमेंट तात्पुरतं आहे. पुढच्या आठवड्यात या. मुळं पुन्हा धुऊन कायमची भरू, मग टोपी बसवू. अर्धवट सोडलंत तर आत पू होईल."

मी मान हलवली.

दुखणं खरंच थांबलं. ती दोन्ही बाजूंनी नागलीची भाकरी चावायला लागली. पुढचा आठवडा आला तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली होती. रोपं उपटून ठेवलेली, माणसं सांगितलेली. ती म्हणाली, "अहो, जाऊन येऊ ना." मी म्हणालो, "दुखतंय का? नाही ना? मग कशाला?" आवणी संपल्यावर शाळेचं निमित्त झालं.

डॉक्टरने जीपवाल्याकडे दोनदा निरोप धाडला. जीपवाला हसत म्हणाला, "गुरुजी, दातवाला तुमची लई आठवण काढतो!"

"त्याला म्हणावं, दाढ बरी झाली, आता तू आराम कर."

जीपमधली माणसं हसली. मीही हसलो.

गणपतीच्या सुमारास सिमेंट निघून गेलं. पुढे जबडा पुन्हा सुजला, आणि या वेळी गळू बाहेरून, जबड्याच्या कडेला फुटलं. नाशिकला नेऊन दाढ काढावी लागली. जखम भरली, पण तिथे खड्डा राहिला, कातडी आत ओढल्यासारखा. पुढे कुठल्याही लग्नात फोटो काढायची वेळ आली की ती मान वळवून उभी राहायची.

लोक विचारायला लागले, "गुरुजी, बाईंच्या गालाला काय झालं?" पहिल्यांदा मी सहज डॉक्टरचं नाव घेतलं. मग तेच सांगत गेलो. मास्तर सांगतोय म्हटल्यावर लोकांनी मानलं. आमच्या बाजूचे पेशंट त्याच्याकडे जाईनासे झाले. काही वर्षांनी तो दवाखाना बंद करून गेला. कुठे, ते मला माहीत नाही. माझ्यामुळेच गेला का, तेही सांगता येणार नाही.

बायकोने मला कधी खोटं पाडलं नाही. एकदाच बोलली. तोवर जव्हारला दुसरा डॉक्टर आला होता. आमच्या पाड्यावरची एक बाई सुजलेला गाल धरून ओसरीवर आली. "गुरुजी, दातवाल्याकं जाऊ का? सगळी म्हणतात दातवाले नस जाळतात."

मी उत्तर देण्याआधी बायको म्हणाली, "जा. परत बोलावलं की परत जा. माझी दाढ डॉक्टरनं नाही बिघडवली. ह्यांनी मला परत नेलं नाही."

बाई माझ्याकडे बघायला लागली. बायकोही. मी एक 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी चष्मा पुसत म्हणालो, "बघ बाई, तुझं तू ठरव."

बाई उठली आणि तिने धुरी देणाऱ्याच्या पाड्याची वाट धरली. मी तिला हाक मारली नाही. बायको आत गेली. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

आता ती नाही. ज्यांना मी ती गोष्ट सांगितली, त्यांतलेही बरेच गेले. जे आहेत त्यांनी, आणि त्यांच्या मुलांनी, हे वाचावं. रूट कॅनालला घाबरू नका, आणि दुखणं थांबलं म्हणून ते अर्धं टाकून घरी बसू नका. माझी बायको त्या दिवशी ओसरीवर खरं बोलत होती.