मोटरला पाजलेलं पाणी

बायको गेल्यावर घरात बोलायला उरली एक लेक, आणि तिचंही लग्न मी केनवडला करून टाकलं. करून टाकलं असंच म्हणतो, कारण घाई माझीच होती. बिनआईची पोर, वेळेवर उजवावी, असं चार जण म्हणाले आणि मी ऐकलं. मग संध्याकाळी घरी येऊन मोठ्यानं म्हणायचो, "दिवा लावा आता," आणि लावायलाही मीच उठायचो.

तेव्हा मी जऊळका स्टेशन ते केनवड अशी सर्व्हिस मोटर चालवत होतो. मालक मीच, ड्रायव्हर मीच, आणि चिखलात फसली की ढकलणाऱ्यांचा मुकादमही मीच. लेकीचं घर गावाच्या वरच्या अंगाला, चांगल्या चढावर. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. कामाशिवाय तिच्या दारात जाऊन बसणंही बरं दिसत नाही. पण मोटरला कसली आलीय रीत? केनवड येईतो ती तापून फुसफुसायला लागायची. खाली उतारू उतरवले की मी रिकामी मोटर चढावर घ्यायचो, इवायांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, दारात उभी करायचो आणि ओरडायचो, "बाई, मोटरले पानी दे वं!"

ती कळशी घेऊन यायची. मी झाकण उघडायचो, ती धार धरायची. कळशी रिकामी होईतो जेवढं होईल तेवढंच आमचं बोलणं. विहीणबाई ओसरीवर बसलेल्या असायच्या, म्हणून तेही साधंच. जेवलात का, कपडे कोन धुते, असं. एकदा रेडिएटर भरलेलाच होता तरी मी पाणी मागितलं. सगळं खाली वाहून गेलं. तिच्या लक्षात आलं, हसली, पण ओतत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमीबी घ्या ना बाबा, घोटभर. कोन पाहून राह्यलं?"

"मले नको, मोटरले दे."

हे आमचं ठरूनच गेलं. ती विचारायची, मी हेच म्हणायचो.

मग लढाई लागली आणि पेट्रोल कुपनावर आलं. मिळायचं ते आठवड्यात दोन खेपांपुरतं. अकोल्याचा एक मिस्त्री म्हणाला, मोटरीच्या मागं कोळशाची टाकी बसवा, कोळसा पेटवून त्याच्या गॅसवर चालवा, रोज खेप होईल. जाणत्या लोकांनी मला परोपरीनं सांगितलं की गॅसच्या मोटरीत दम नसतो, इंजिनाची वाट लागते, पेट्रोलवर दोन दिवस चालव पण इज्जतीत चालव. मी कोणाचं ऐकतो! माझ्या डोक्यात एकच होतं. पेट्रोल ठेवलं तर लेक आठवड्यातून दोनदा भेटणार, कोळसा घेतला तर सहा दिवस. मिस्त्रीला फक्त विचारलं, "चढ ओढंन का?"

"चढाचं काय घेऊन बसले? डोंगर चढंन!"

मला ते पटलं नव्हतं, पण मी पटवून घेतलं.

पहिल्या दिवशी उजाडताच कोळसा पेटवला, विस्तव फुलवायला टाकीचा पंखा हातानं फिरवता फिरवता खांदा भरून आला, तोंड काळं झालं. पण मोटर सुरू झाली आणि धुराचा लोट सोडत केनवडपर्यंत आली. चढाला मात्र दहा-पंधरा हात गेली, खोकली आणि उलटी घसरली. तीनदा घेतली, तीनदा घसरली. पारावरची माणसं ढकलायला आली, तीच हसायला लागली. एक म्हणाला, "बैलं जुपा, बैलं!" वर अंगणाच्या दगडी गडग्याशी लेक उभी होती. हॉर्न ऐकून भरली कळशी घेऊन आली होती. मी काळा हात हलवला.

मागं फिरायची सोय नव्हती. टाकी बसली तसं माझं कुपनही तोडलं गेलं, चालू करायला लागेल तेवढंच थोडं पेट्रोल हाती यायचं. पायी चढून का गेलो नाही, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, विस्तव विझतो, उतारू बोंबलतात. खरी गोष्ट अशी की उताराच्या पायथ्याशीच विहीर होती. ती सोडून पाण्यासाठी वर कोणत्या तोंडानं जाऊ? आणि निमित्ताशिवाय लेकीच्या दारात जाणं माझ्या ताठ्याला जमेना. मग मी दोनदा हॉर्न वाजवायचो. ती गडग्याशी यायची, उभी राहायची. मी मोटर फिरवायचो. आठवड्याचे सहाही दिवस असंच. लांबून ती हसतेय की रडतेय तेही कळायचं नाही. परतीच्या वाटेवर मला फार एकटं वाटायचं. मोटर माणसांनी भरलेली असायची तरी वाटायचं.

चालू करायला मिळणाऱ्या पेट्रोलमधून मी एक डबा साठवला. पंखा जास्त फिरवायचा, पण पेट्रोल वाचवायचं. पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी आणायची ती धुरात बसवून नाही, असं ठरवलं होतं. सातव्या महिन्यात विहीणबाईंचा निरोप आला, "तुमच्या घरी बाईमानूस नाही. कोनाच्या भरोशावर धाडाव?" आठ दिवस मी त्यांच्यावर धुमसत होतो. बाई खरं बोलली होती ना.

नातू झाला. बारशाला मी सुताराकडून पाळणा करवून घेतला, टपावर बांधला आणि तो डबा मोटरीत रिकामा केला. आता मला लेकीच्या घरचं पाणी चालणार होतं. सकाळपासून मुद्दाम घोटभरही प्यालो नव्हतो. पहिलं पाणी तिच्याच हातचं. खाली उतारू उतरवले आणि मोटर एका दमात चढ चढली.

पाळणा आत गेला, बायांची झुंबड उडाली. जरा वेळानं लेक दारात आली. वाळली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. कळशी कुठली उचलते, हातात तांब्या होता. माझ्यापुढं धरला. "घ्या बाबा."

आणि माझ्या तोंडून निघालं, "मले नको, मोटरले दे."

माहेरी धाडलं नाही याचा राग धरलाय, असं तिला वाटलं असेल. मग खाली बघून तिनं ते पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. तांब्याभर पाणी ते, लगेच संपलं. अवं, मलेच पाहिजे होतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत पोर रडलं आणि ती वळून गेली.

विहीणबाईंनी चहाला थांबा म्हटलं. मी खाली उतारू खोळंबल्याचं सांगून निघालो. पेट्रोल संपत आलं होतं, उतारानंच मोटर खाली आणली. पायथ्याशी येऊन सवयीनं दोनदा हॉर्न वाजवला. गडग्याशी कोणी आलं नाही. कसं येणार, तिचं पोर रडत होतं.

विहिरीची बादली ओढली. आधी मोटरला पाजलं, उरलेलं मी प्यालो.